एक राउटर, दोन लाइनी: पॉलिसी राउटिंग पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

ऑफिसमध्ये दोन लाइनी असतात. एक महागाची लीज लाइन, स्टॅटिक म्हणजे न बदलणाऱ्या आयपी पत्त्याची. दुसरी स्वस्तातली ब्रॉडबँड, पहिली गेलीच तर असावी म्हणून घेतलेली. आणि ही दुसरी वर्षभर नुसती बिल भरण्यापुरती पडून असते, कारण राउटरमध्ये डिफॉल्ट रूट, म्हणजे वेगळं काही सांगितलं नसेल तेव्हाचा रस्ता, पहिल्या लाइनीचा. पाहुण्यांचे मोबाइल, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, अकाउंटंटचं रिटर्न भरणं, सगळं एकाच लाइनीत कोंबलेलं. मग महिनाअखेरीला 'नेट स्लो आहे' म्हणून आपल्याला फोन.

यावरचा उपाय म्हणजे पॉलिसी राउटिंग. साधं राउटिंग फक्त एकच गोष्ट बघतं, पॅकेटला जायचंय कुठे. ते आलं कुठून, कोणी पाठवलं, कशासाठी पाठवलं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एसटी स्टँडवर कंडक्टर 'कुठं जायचंय' एवढंच विचारतो, 'कुठून आलात' विचारत नाही, तसं. पॉलिसी राउटिंगमध्ये राउटर तो दुसरा प्रश्नही विचारायला लागतो. पाहुण्यांच्या वायफायवरून आलास? मग ब्रॉडबँडने जा. अकाउंटच्या टेबलावरून आलास? मग लीज लाइन.

मी इथे मायक्रोटिकचं उदाहरण घेतोय. रीगामधल्या या लात्वियन कंपनीची छोटी राउटरं आपल्याकडे केबलवाल्यांपासून सीएच्या ऑफिसपर्यंत सगळीकडे दिसतात, शिवाय विनबॉक्समध्ये, म्हणजे राउटर चालवायच्या तिच्या प्रोग्रॅममध्ये, सगळं डोळ्यांसमोर असतं. आतमध्ये लिनक्स आहे, त्यामुळे इथे समजलेलं पुढे साध्या लिनक्सवरही चालतं. सिस्को कंपनीची राउटरं वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय. मेनूंची नावं आणि पत्ते मी देवनागरीत लिहिलेत, राउटरमध्ये अर्थातच इंग्रजीत टाकायचे.

आधी कागद

राउटरला हात लावण्याआधी एक कागद घ्या आणि कोण कुठून जाणार ते लिहा. माझं उदाहरण असं:

ईथर१ वर लीज लाइन, आपला पत्ता २०३.०.११३.१०, गेटवे (पलीकडचा कंपनीचा राउटर) २०३.०.११३.९. ईथर२ वर ब्रॉडबँड, ती पीपीपीओईने, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन, डायल होते, म्हणजे खरा इंटरफेस ईथर२ नाही, 'पीपीपीओई-आउट१' आहे. आत तीन नेटवर्कं: ऑफिस १९२.१६८.१०.०/२४, पाहुणे १९२.१६८.२०.०/२४, कॅमेरे १९२.१६८.३०.०/२४.

आता धोरण. ऑफिस लीज लाइनने. पाहुणे ब्रॉडबँडने. कॅमेरे ब्रॉडबँडने. इथवर सगळेच लिहितात. खरा प्रश्न पुढचा आहे आणि तो मालकाला विचारल्याशिवाय सुटत नाही: ब्रॉडबँड बंद पडली तर? पाहुण्यांचं नेट गेलं तर गेलं, त्यांना लीज लाइनवर घ्यायचं नाही. कॅमेऱ्यांचं मात्र चालू राहिलं पाहिजे, भले लीज लाइनवरून. हे दोन वेगळे नियम झाले आणि राउटरमध्ये ते वेगळ्या शब्दांत लिहावे लागतात. कागदावर नसेल तर तुम्ही दोघांना एकच नियम लावून मोकळे व्हाल.

मग बॅकअप. 'फाइल्स'मध्ये जाऊन बॅकअप घ्या आणि तो लॅपटॉपवर ओढून ठेवा, राउटरमध्येच ठेवून उपयोग नाही. नंतर विनबॉक्सच्या वरच्या पट्टीतलं 'सेफ मोड' बटण दाबा. काम करताना तुम्ही स्वतःच राउटरबाहेर फेकले गेलात तर केलेले बदल आपोआप मागे घेतले जातात. सगळं नीट चाललं की ते बटण पुन्हा दाबून सेफ मोडमधून बाहेर पडायला विसरू नका. नाहीतर विनबॉक्स नुसतं बंद केलंत तरी तासाभराची मेहनत उलटी फिरेल. पहिल्यांदा करताय तर जागेवर जाऊन करा, घरून नको.

पहिली पायरी: दुसरं टेबल

राउटरकडे एक मुख्य राउटिंग टेबल, म्हणजे रस्त्यांची यादी, असतं, 'मेन'. आपल्याला ब्रॉडबँडसाठी वेगळं टेबल लागणार. 'राउटिंग > टेबल्स' मध्ये नवीन टेबल करा, नाव 'ब्रॉडबँड' ठेवा आणि 'एफआयबी'वर टिक करा. ही टिक करायची राहिली तर टेबल नुसतं नावाला असतं, पॅकेटं त्यातून जात नाहीत.

इथे एक इशारा. इंटरनेटवर सापडणारे निम्मे व्हिडिओ राउटरओएसच्या, म्हणजे मायक्रोटिकच्या सिस्टिमच्या, सहाव्या आवृत्तीचे आहेत. तेव्हा टेबल वेगळं बनवावं लागत नसे, रूट टाकताना 'राउटिंग मार्क'च्या खान्यात नाव लिहिलं की झालं. डिसेंबर २०२१ मध्ये ७.१ आली आणि ते बदललं. जुना व्हिडिओ बघून नवीन राउटरवर करायला गेलात तर तो खानाच सापडणार नाही आणि चूक आपलीच वाटत राहील.

दुसरी पायरी: रूट

'आयपी > रूट्स' मध्ये मेन टेबलात लीज लाइनचा डिफॉल्ट रूट असेलच: ०.०.०.०/० ला गेटवे २०३.०.११३.९. त्याच्यासोबत मेनमध्येच ब्रॉडबँडचाही एक डिफॉल्ट रूट ठेवा, पण 'डिस्टन्स' २ देऊन. कमी डिस्टन्सवाला रूट जिंकतो, त्यामुळे हा फक्त लीज लाइन गेल्यावर कामाला येईल.

मग ब्रॉडबँडच्या टेबलात नवीन रूट: ०.०.०.०/०, गेटवे 'पीपीपीओई-आउट१', राउटिंग टेबल 'ब्रॉडबँड'. पीपीपीओई क्लायंटच्या खिडकीत 'ॲड डिफॉल्ट रूट' ची टिक काढून टाका. नाहीतर तो स्वतःच मेनमध्ये आपला डिफॉल्ट रूट घुसवतो, त्याचा डिस्टन्स लीज लाइनइतकाच निघाला की दोघांत जुंपते.

लीज लाइनच्या रूटवर 'चेक गेटवे'मध्ये 'पिंग' निवडा. राउटर दर दहा सेकंदांनी गेटवेला पिंग करतो आणि दोनदा उत्तर आलं नाही की रूट बंद धरतो. पण हे पिंग फक्त गेटवेपर्यंत. गेटवे जिवंत आणि त्याच्यापुढची कंपनीची फायबर जेसीबीने उखडलेली, असं कितीदा तरी होतं, आणि तेव्हा राउटर बिनघोर असतो. त्यासाठी रिकर्सिव्ह रूट नावाची युक्ती आहे. बाहेरचा एखादा भरवशाचा पत्ता घ्यायचा, त्याच्याकडे जाणारा /३२ रूट लीज लाइनच्या गेटवेवरून टाकायचा, त्याचा 'स्कोप' १० ठेवायचा, आणि डिफॉल्ट रूटचा गेटवे म्हणून तोच बाहेरचा पत्ता लिहायचा, 'टार्गेट स्कोप' ११ आणि चेक गेटवे पिंग. आता पिंग खऱ्या इंटरनेटपर्यंत जाऊन येतं. एकच पथ्य: पिंगसाठी घेतलेला पत्ता डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून कोणालाही देऊ नका. तो पत्ता त्या एकाच लाइनीला बांधला गेलाय, लाइन गेली की डीएनएसही गेलं. पहिल्या दिवशी हे जमलं नाही तरी चालेल, आठवड्याने करा.

तिसरी पायरी: नॅट आणि इंटरफेस लिस्ट

घाईत हीच पायरी सुटते. नॅट म्हणजे बाहेर जाताना पॅकेटवरचा आतला पत्ता काढून लाइनीचा पत्ता लावणं. मायक्रोटिकच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये त्याचा नियम, 'मास्करेड', हा 'वॅन' (बाहेरची बाजू) नावाच्या इंटरफेस लिस्टवर लावलेला असतो. 'इंटरफेसेस > इंटरफेस लिस्ट' मध्ये जाऊन बघा, पीपीपीओई-आउट१ त्या लिस्टमध्ये आहे का. फक्त ईथर२ असेल तर उपयोग नाही, कारण पॅकेट पीपीपीओईच्या बोगद्यातून बाहेर पडतं. नॅट झालं नाही की पॅकेट १९२.१६८ चा पत्ता घेऊनच बाहेर जातं आणि त्याला परत बोलावणारं कोणी नसतं.

यात सुरक्षेचाही भाग आहे. त्याच कॉन्फिगरेशनमधला बाहेरून आत येणाऱ्या नको त्या कनेक्शनना अडवणारा फॉरवर्ड नियमही 'वॅन' लिस्टच बघतो. पीपीपीओई लिस्टबाहेर राहिला तर ते दार तुम्ही उघडं ठेवलंत. मास्करेडचा वेगळा नियम लिहून नेट चालू केलं असेल तर हे कळतही नाही.

चौथी पायरी: नियम

नवशिक्यांना सगळे थेट मँगलकडे, म्हणजे फायरवॉलमधल्या पॅकेटांवर खुणा करणाऱ्या भागाकडे, पाठवतात. मला ते पटत नाही. फक्त 'कोणत्या नेटवर्कमधून आलं' एवढ्यावर निर्णय घ्यायचा असेल तर 'राउटिंग > रूल्स' पुरेसं आहे, वाचायला सोपं आहे, आणि सहा महिन्यांनी उघडलं तरी कळतं. नियम वरून खाली तपासले जातात, म्हणून क्रम हाच:

१. डेस्टिनेशन १९२.१६८.०.०/१६, ॲक्शन 'लुकअप ओन्ली इन टेबल', टेबल मेन.
२. सोर्स १९२.१६८.२०.०/२४, ॲक्शन 'लुकअप ओन्ली इन टेबल', टेबल ब्रॉडबँड.
३. सोर्स १९२.१६८.३०.०/२४, ॲक्शन 'लुकअप', टेबल ब्रॉडबँड.

पहिला नियम घरातल्या घरात जाणाऱ्या पॅकेटांसाठी. तो नसेल तर ऑफिसच्या पीसीने कॅमेऱ्याचं चित्र मागितलं की कॅमेऱ्याचं उत्तर ब्रॉडबँडच्या टेबलात जातं. तिथे डिफॉल्ट रूटशिवाय काहीच नाही, मग ते उत्तर सरळ इंटरनेटकडे रवाना होतं. 'पॉलिसी लावली आणि प्रिंटर गेला' ही तक्रार आली की मी आधी हा नियम शोधतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक म्हणजे कागदावरचा तो मालकाचा प्रश्न. 'लुकअप' म्हणजे आधी ब्रॉडबँडच्या टेबलात बघ, तिथे चालू रूट नसेल तर पुढे मेनमध्ये बघ. कॅमेरे असे लीज लाइनवर येतात. 'लुकअप ओन्ली' म्हणजे तिथे नसेल तर विषय संपला. पाहुणे थांबतात.

आणि हो, हे नियम म्हणजे फायरवॉल नव्हे. पाहुण्यांना ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरू न देण्याचं काम 'आयपी > फायरवॉल > फिल्टर' चं आहे. उलट वरच्या पहिल्या नियमाने तुम्ही त्यांना आतला रस्ता नीट दाखवलाय.

मँगल कधी लागतं

पोर्टवर किंवा प्रोटोकॉलवर निर्णय घ्यायचा असेल तेव्हा. समजा ऑफिसमधला १९२.१६८.१०.२० हा बॅकअपचा डबा रात्री टीसीपी २२ वरून बाहेर फाइली चढवतो आणि तेवढंच ब्रॉडबँडने पाठवायचंय. 'आयपी > फायरवॉल > मँगल' मध्ये नवीन नियम: चेन प्रीराउटिंग (रस्ता ठरायच्या आधीचा टप्पा), सोर्स १९२.१६८.१०.२०, प्रोटोकॉल टीसीपी, डेस्टिनेशन पोर्ट २२. डेस्टिनेशन पत्त्यात १९२.१६८.०.०/१६ लिहून त्याच्या आधीच्या छोट्या चौकटीत उद्गारचिन्ह, म्हणजे 'हे सोडून'. ॲक्शन 'मार्क राउटिंग', मार्क 'ब्रॉडबँड', आणि 'पासथ्रू' ची टिक काढा.

आता फास्टट्रॅक. मूळ कॉन्फिगरेशनमध्ये फिल्टरच्या फॉरवर्ड चेनमध्ये हा नियम असतो. कनेक्शन एकदा जुळलं की त्याची पुढची पॅकेटं तो मँगलला वळसा घालून पळवतो. राउटरच्या सीपीयूवरचा भार कमी होतो हे खरं, पण आपला मार्कही लागत नाही. मग लक्षण असं दिसतं: कनेक्शन सुरू होतं, दोनचार पॅकेटं नीट जातात आणि मग अडकतं. पुन्हा केलं की पुन्हा तेच. ही अर्धवट चालण्याची तऱ्हा दिसली की फास्टट्रॅकवरच संशय घ्या. सुरुवातीला तो नियम सरळ बंद करा. शंभर एमबीपीएसच्या लाइनीला बहुतेक राउटरांना जड जात नाही. लाइन त्याहून मोठी असेल तर सीपीयूच्या आकड्याकडे नजर ठेवा.

वेबसाइटच्या नावावरून पॉलिसी करता येईल का, असं मालक हमखास विचारतात. ॲड्रेस लिस्टमध्ये नाव टाकलं तर राउटर त्याचे पत्ते शोधून भरतो, हे होतं. पण मोठ्या साइट बदलत्या आणि सामायिक पत्त्यांवरून चालतात, त्यामुळे आज बसलेला नियम उद्या गळतो. मी ते टाळतो. बँकेच्या आणि सरकारी पोर्टलांच्या बाबतीत तर मशीन नेमून द्यावं, साइट नव्हे. लॉगिन एका लाइनीच्या पत्त्यावरून आणि पुढचं पान दुसऱ्या लाइनीच्या पत्त्यावरून गेलं तर अनेक पोर्टलं सेशन तोडून पुन्हा लॉगिनवर आणतात.

जाणं सोपं, परतणं अवघड

खंबाटकीला पुण्याहून साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा आणि परत येताना बोगद्यातून यायचं, ही आपली वर्षानुवर्षांची सवय. गाड्यांना त्याने काही होत नाही. नेटवर्कमध्ये मात्र जायची वाट एक आणि यायची दुसरी झाली की काम बिघडतं.

माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. तिथे डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) ऑफिसच्याच नेटवर्कमध्ये होता आणि ऑफिसचा डिफॉल्ट लीज लाइनचा. मालकांना घरून कॅमेरे बघायचे होते, म्हणून मी ब्रॉडबँडच्या पत्त्यावर पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे तिथे येणारी विनंती डीव्हीआरकडे वळवली. पाहुण्यांची पॉलिसी झकास चालू, पण कॅमेरे काही दिसेनात. दोन तास मी पोर्टचा आकडाच तपासत बसलो. शेवटी 'टूल्स > टॉर्च' उघडून पीपीपीओईवर बघितलं तर विनंती येत होती. मग तेच ईथर१ वर लावलं आणि डीव्हीआरचं उत्तर तिथून बाहेर पडताना दिसलं. विनंती ब्रॉडबँडने आत, उत्तर लीज लाइनने बाहेर, तेही ब्रॉडबँडचा पत्ता कपाळावर घेऊन. असली पॅकेटं कंपन्यांनी आपल्या दारातच अडवावीत अशी शिफारस आरएफसी २८२७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात २००० सालापासून आहे, आणि ती अडवली जात होती. कंपनीचं काही चुकलं नव्हतं.

उपाय तीन मँगल नियमांचा. पहिला: चेन प्रीराउटिंग, इन इंटरफेस पीपीपीओई-आउट१, कनेक्शन स्टेट 'न्यू', कनेक्शन मार्क 'नो मार्क', ॲक्शन 'मार्क कनेक्शन', नाव 'बीबी-आत'. दुसरा: प्रीराउटिंग, इन इंटरफेस लिस्ट 'लॅन' (आतली बाजू), कनेक्शन मार्क 'बीबी-आत', ॲक्शन 'मार्क राउटिंग', मार्क ब्रॉडबँड. तिसरा दुसऱ्यासारखाच, पण चेन 'आउटपुट' आणि इंटरफेसचा खाना रिकामा. हा राउटरच्या स्वतःच्या उत्तरांसाठी. राउटरने स्वतः जन्माला घातलेलं पॅकेट प्रीराउटिंगमधून जातच नाही, त्यामुळे ब्रॉडबँडच्या पत्त्यावर व्हीपीएन लावणार असाल तर हा तिसरा नियम लागतोच.

म्हणजे दारावरच्या वॉचमनने नोंदवहीत लिहायचं, हा पाहुणा मागच्या दाराने आलाय, आणि जाताना वही बघून मागच्याच दाराने सोडायचं. फास्टट्रॅक बंद न करता इथे 'कनेक्शन मार्क: नो मार्क' एवढी अट त्याच्या नियमात घातली तरी भागतं, कारण मग तो मार्क लागलेल्या कनेक्शनना हात लावत नाही.

ब्रॉडबँडवर मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर वरचे तीन नियम लिहायचे कष्ट वाचले. तो कंपनीच्या आतला, सगळ्यांत वाटलेला पत्ता आहे. बाहेरून त्यावर कोणी पोचूच शकत नाही.

तपासणी

जुनी कनेक्शनं जुन्या वाटेनेच चालत राहतात, त्यामुळे नियम लावून लगेच 'चालत नाही' म्हणू नका. 'आयपी > फायरवॉल > कनेक्शन्स' मध्ये जाऊन त्या मशीनची कनेक्शनं पुसा आणि मग बघा. पाहुण्यांच्या वायफायला लॅपटॉप जोडा, विंडोजवर ट्रेसर्ट (पॅकेट कोणकोणत्या राउटरांतून जातं ते दाखवणारी कमांड) चालवा, दुसरी उडी कोणत्या कंपनीची आहे ते वाचा. मँगलच्या नियमांसमोर बाइट्सचे आकडे वाढतायत का बघा. शून्यावर थांबलेला नियम म्हणजे अट चुकली, किंवा वरच्याच एखाद्या नियमाने पॅकेट पळवलं.

आयपीव्ही६ चालू असेल तर वरचं सगळं फक्त आयपीव्ही४ पुरतं आहे हे लक्षात घ्या. पाहुण्यांच्या मोबाइलला आयपीव्ही६ पत्ता मिळत असेल तर तो तुमच्या नियमांना न जुमानता जाईल. पाहुण्यांच्या नेटवर्कवर ते सध्या बंद ठेवणं हा सोपा मार्ग.

सिस्कोवर शब्द बदलतात, विचार तोच. ॲक्सेस लिस्टने पॅकेट ओळखायचं, राउट-मॅपमध्ये 'मॅच' आणि 'सेट आयपी नेक्स्ट-हॉप' लिहायचं, आणि तो राउट-मॅप 'आयपी पॉलिसी राउट-मॅप' ने इंटरफेसवर चिकटवायचा. कोणत्या इंटरफेसवर? पॅकेट जिथून आत येतं त्या, म्हणजे लॅनच्या. नवीन माणूस हमखास वॅनवर लावतो. आणि राउट-मॅपमधलं 'डिनाय' पॅकेट फेकत नाही, त्याला नेहमीच्या राउटिंगकडे परत पाठवतं. राउटरच्या स्वतःच्या पॅकेटांसाठी 'आयपी लोकल पॉलिसी' वेगळी लावावी लागते, वरच्या आउटपुट चेनसारखी.

शेवटची तपासणी केबल उपटून करायची, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर. ब्रॉडबँडची काढा: पाहुण्यांचं नेट थांबलं पाहिजे आणि कॅमेरे थोड्या वेळात लीज लाइनवर आले पाहिजेत. परत लावा. आता लीज लाइनची काढा आणि अर्ध्या मिनिटात ऑफिसचा पीसी ब्रॉडबँडवर येतो का बघा. कॅमेरे परत ब्रॉडबँडवर आले नाहीत तर त्यांची कनेक्शनं पुसा, ती अजून लीज लाइनच्या नॅटला चिकटलेली असतात. सगळं जुळलं की प्रत्येक नियमाला 'कॉमेंट' लिहा, सेफ मोडमधून बाहेर पडा, नवीन बॅकअप घ्या, आणि तो धोरणाचा कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या वेळी तिथे तुमच्याऐवजी दुसराच कोणी जाणार आहे.